पाटकऱ्याचं चौथं शील

माझा नवरा उभ्या जन्मात एकदाच खोटं बोलला, अन् तेबी मीच बोलायला लावलं. आता लपवून काय करायचं?

लिंबाजी पाटकरी. झरीच्या अलीकडं आमचं गाव, तिथून येलदरीच्या धरणाचा पाट जातो. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते आमच्या ह्यांच्या हातात. लोक पाण्यापायी एकमेकाचं डोकं फोडतात, पण ह्यांनी लावलेली पाळी कोणी मोडली न्हाई. लिंबाजी खोटं बोलत न्हाई, हे वरल्या गल्लीतबी ठाऊक होतं. छप्पन साली धम्म घेतला तवापासून रोज सकाळी अंघोळ झाली की हे पांढरा सदरा घालून बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायचे. हे वंदना अन् पंचशील म्हणणार, मागून मी अन् दोन्ही पोरी म्हणणार. अंगात ताप असला तरी चुकवलं न्हाई.

चौऱ्याहत्तर साली पोळा झाल्यावर आठ दिवसांनी वरल्या गल्लीतल्या व्यंकटरावाच्या विहिरीवरचं इंजिन चोरीला गेलं. दिवेलागणीला हे पाटावरून येताना ह्यांना माझ्या भावाची, भुजंगाची, बैलगाडी दिसली. कडब्याखालून इंजिनाचं चाक बाहेर आलेलं. घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं, अन् मी चुलीपुढं गार पडले. मायबाप गेल्यावर भुजंगाला मीच वाढवलं. तेवढंच माहेर मला. दुसऱ्या दिवशी भुजंगावर संशय धरून फौजदार आमच्या दारात आला, तवा मी ह्यांना आत बोलावून म्हणलं, "भुजंग काल आपल्याकडं जेवायला होता म्हणून सांगा. न्हाईतर माझं मेलेलं तोंड बघा." ह्यांनी तसं सांगितलं. फौजदारानं उलटं काही विचारलं न्हाई. लिंबाजीची जबानी ना ती. मग राहिला कोण, तर व्यंकटरावाचा सालगडी मुंजाजी. इंजिनाच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असायची. त्याला धरून नेलं.

दुसऱ्या सकाळपासून ह्यांची वंदना बंद. अंघोळ झाली की फोटोकडं न बघता पाटावर निघायचे. मी काय कमी हाय का, तोंड सोडलं. "गावाला एवढं धम्माचं सांगत होता, अन् आता खाली बसायला जिवावर यायलंय का?" मला कारण कळत नव्हतं असं न्हाई. कळत होतं म्हणून तर जास्त ओरडत होते.

एक दिवस मीच मेणबत्ती लावली, पोरींना बसवलं अन् ह्यांना हाताला धरून आणलं. तीन शीलं म्हणले. चौथ्याला तोंड उघडलं अन् तसंच राहिलं. धाकटी म्हणाली, "बाबा, पुढं खोटं बोलणार न्हाई, ते हाय ना?" हे उठले, खोरं खांद्यावर टाकलं अन् पाटावर निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तोंड शिवून बसले. भाऊ होता माझा.

खुरपणीला मुंजाजीची बायको पार्वतीबाई माझ्या शेजारीच असायची. एकदा खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या मालकांनी सांगितलं म्हणजे भुजंग तुमच्याकडंच असंल. मग माझ्याच माणसानं नेलं का काय, मला तर काही कळंना झालंय."

पौषात परभणीच्या कोर्टाची तारीख लागली. आदल्या दिवशी हे म्हणले, "चतुरा, मी उद्या खरं सांगणार हाय."

"मग मी या घरात पाय ठेवायची न्हाई," मी म्हणलं.

"तू गेलीस तर मला लय जड जाईल. पण असं जगणं मला जमंना आता."

मी रडले, भांडले, जेवले न्हाई. सकाळी हे निघाले, तशी मीबी मागं निघाले.

सकाळच्या एसटीत भुजंगबी तारखेला निघालेला, आमच्या पुढच्याच बाकावर. दर मैलाला वळून बघायचा. "दाजी, न्याहारी झाली का? दाजी, वारं लागतंय का?" हे खिडकीतून बाहेर बघत होते. त्याला सांगावं का, पुढच्या थांब्यावर उतर म्हणावं का, हेच डोक्यात चाललेलं. परभणी आली तरी माझं तोंड उघडलं न्हाई.

कोर्टात मुंजाजी उभा होता, दाढी वाढलेली, नजर खाली. ह्यांनी सगळं सांगितलं. गाडी, कडबा, चाक, सगळं. माझ्या शेजारी भुजंग उठल्यासारखा झाला अन् परत बसला. वकिलानं विचारलं, "मग आधी खोटं का बोललात? कोणी शिकवलं?"

न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या. कोणी सांगितलं होतं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई, मुद्दाम बघितलं न्हाई. वीस वर्षांचा संसार माझा, मला ह्या माणसाच्या मनातलं कळतं. माझं नाव हे घेणार नव्हते. "कोणी न्हाई" म्हणणार होते, मला वाचवायला. म्हणजे आणखी एक खोटं, तेबी माझ्यापायी. मग मात्र हे जन्मात परत त्या फोटोपुढं बसले नसते. ह्यांनी तोंड उघडलं.

मी उठले. "मी सांगितलं साहेब. भुजंगाची थोरली बहीण हाय मी."

शिपाई खाली बसा म्हणायला लागला. भुजंग हळूच म्हणाला, "आक्का, तू?"

मुंजाजी सुटला. भुजंगाला दीड वर्षाची सजा झाली. सुटल्यावर तो पालमला जाऊन राहिला. आक्का मेली तरी मला खबर देऊ नका म्हणतो. म्हणू दे. रोज आठवण येते त्याची, अन् रोज रडू येतं.

कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी सतरंजी टाकली. मला हाक मारली न्हाई. मीच पोरींना घेऊन मागं बसले. चौथं शील ह्यांनी सरळ म्हणलं. पोरींनीबी म्हणलं. माझा आवाज फुटंना. हे मागं वळले न्हाईत, पण पाचवंबी सुरू केलं न्हाई. मेणबत्ती निम्मी झाली, पाळीचा वखत टळला, बाहेरून कोणीतरी पाण्यासाठी हाका मारायला लागलं. मी म्हणेपर्यंत हे तसेच बसून राहिले.