काकांचं माडीचं घर आणि माझी जीभ

व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली तेव्हा मी दुकानात पासपोर्ट फोटो कापत बसलो होतो. ‘हिंगोलीत भरवस्तीत जुनं डुप्लेक्स, मागे स्टुडिओ, विकणे आहे.’ डुप्लेक्स हा शब्द काकांच्या मुलीचा. ती आता त्यांना नांदेडला घेऊन जाणार होती. काकांच्या लेखी ते माडीचं घर. खाली दोन खोल्या, आतून सागवानी जिना, वर दोन खोल्या आणि परसात त्यांचा फोटो स्टुडिओ. उत्तरेला मोठी काचेची खिडकी, समोर रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन बदकं. साखरा गावापासून डोंगरकडा गावापर्यंतच्या किती मुलींचे दाखवायचे फोटो त्या बदकांपुढे निघाले आणि किती लग्नं जमली, देव जाणे.

मी आणि तो, दोघंही काकांच्या हाताखाली तिथंच काम शिकलो. तो म्हणजे आखाडा बाळापूरचा माझा जोडीदार. मी त्याला तीस वर्षं पाण्यात पाहतो आहे, आता लपवून काय फायदा? आम्ही काढलेला फोटो हातात घेतला की काका मला म्हणायचे, "बरं हाय." त्याला नुसतं "हं" म्हणायचे. ते ‘हं’ माझ्या ‘बरं हाय’पेक्षा वरचं होतं, हे आम्हा दोघांनाच कळायचं. आज त्याच्याकडे ड्रोन आहे, लग्नसराईत त्याची तारीख मिळत नाही. माझ्याकडे कात्री आहे.

म्हणून ते घर तरी मला मिळायला हवं होतं. बायकोने वरची पूर्वेकडची खोली देवघरासाठी मनातल्या मनात धरूनही ठेवली होती. पण मी काकांकडे गेलो नाही. आपण कशाला मागायचं, काकांनीच बोलवावं, असा माझा तोरा. अशात चहाच्या टपरीवर कळलं की तो घर पाहून आला. एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा बायकोला घेऊन. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

आमच्याकडे घर घेणारा माणूस भिंती नंतर बघतो. आधी शेजारपाजारी एकच गोष्ट विचारतो, घर लाभलं का? त्या घरात लेकरंबाळं सुखी झाली असतील तर भिंतीच्या चिरा कोणी मोजत नाही. लाभलं नसेल तर फुकट दिलं तरी कोणी घेत नाही. तर एक दिवस त्याची सासू फोटो काढायला माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली, "तुमी लई वर्षं होते तितं. घर कसं हाय वो?"

"घर मजबूत हाय," मी म्हणालो. कॅमेऱ्यात बघितलं, पुन्हा डोकं वर काढलं. "पण मावशी, लाभत न्हाई म्हणतेत. काकू तितंच गेल्या."

म्हणतेत! कोण म्हणतेत? जगात एकटा मी. काकू गेल्या हे खरं, पण पिकल्या पानासारख्या, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. ते मी सांगितलं नाही. त्या दिवशी मला भूक मात्र चांगली लागली.

आठ दिवसांत ती गोष्ट गावभर हिंडून माझ्याच घरी आली. देवळातून आलेली बायको चपला काढता काढता म्हणाली, "काकूच न्हाई, आधीच्या मालकाचं लेकरूबी त्याच घरात गेलं म्हणे. मी तितं पाय ठेवणार न्हाई." ते लेकरू मी पाठवलेलं नव्हतं, वाटेत कुणीतरी जोडलं होतं.

"अगं, ते मीच उठवलं," मी कबूल केलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला घर पाहिजे म्हणून आता काहीबी सांगून राहिले." एवढ्या वर्षांच्या संसारात एकदा धडधडीत खरं बोललो आणि तेच तिला पटलं नाही.

बाकीची गिऱ्हाइकं पळाली. भाव उतरला. आणि त्याने घर घेतलं. सासू रुसून बसली तर टपरीवर चारचौघांत म्हणाला, "मला अन्नच त्या घरामुळं लाभलं. अजून काय लाभायचं राहिलं?" लोकांनी माना डोलावल्या. ते वाक्य माझं होतं. मला सुचायला हवं होतं, मी म्हणायला हवं होतं. आजही आठवलं की जीव जळतो.

वास्तुशांतीला गेलो, न जाऊन कसं चालेल? बायको अर्थातच आली नाही. काका परसातल्या स्टुडिओत बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना निघायचं होतं. मला जवळ बसवून घेतलं.

"तू काहून इचारलं न्हाई रे? दोन महिने तुजी वाट पाहिली. लेकीला म्हनलं, आधी त्याला येऊ दे."

मी बसल्या जागी स्टूल उगाच पुढे ओढलं.

"तूबी लोकाईच्या बोलण्याला भ्यालास व्हय?"

तेव्हा सांगता आलं असतं. पण तो तिथंच, चार हातांवर, खिडकीची काच पुसत होता. त्याच्यासमोर कबूल करायचं? जीव गेला तरी नाही.

"व्हय काका," मी म्हणालो. "बायको ऐकत न्हाई."

काकांनी मान खाली घातली. "माझ्या घरानं कुणाचं काय वाईट केलं रे," एवढंच म्हणाले, तेही स्वतःशीच. थोड्या वेळाने पंगतीला उठायचं म्हणून त्यांनी आधाराला हात पुढे केला. मी स्टूल मागे सारेपर्यंत त्याने येऊन तो धरलासुद्धा, आणि दोघं घरात निघून गेले. मला शरम वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच.