मासा न शिवणारे मीन रायर

मीन रायर पन्नास वर्षं मासे पकडत होते, आणि त्या पन्नास वर्षांत त्यांनी एकाही माशाला हात लावला नव्हता. खाण्याचा तर प्रश्नच नव्हता. देशस्थांचं कर्मठ घर, चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पण खात नाहीत असे पुष्कळ असतात. रायर मासा शिवतही नव्हते. दोराच्या टोकाला तडफडणारा मासा पाण्याबाहेर न काढता, त्याला बोटही न लावता ते सोडून देत, आणि मग पंच्याने हात पुसत. हाताला पाण्याखेरीज काही लागलेलं नसे, तरी पुसत.

नाव अर्थात वेगळं होतं. तंजावुरात आमच्या मराठी लोकांना सगळे रायर म्हणतात, आणि मीन म्हणजे मासा हे सांगायला नको. राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत हे नाव कुणीतरी कुचेष्टेने ठेवलं आणि ते चिकटलं. पोस्टमनसुद्धा 'मीन रायर वीडु', म्हणजे मीन रायरांचं घर, कुठलं ते विचारत येई. मी त्यांना मामा म्हणत असे. नात्याने ते माझे कोणी नव्हते, पण आमच्या गल्लीत नातं लागत नाही असा माणूस सापडणं कठीण.

मी त्यांना पहिल्यांदा मासेमारी करताना पाहिलं तेव्हा तिथे पाणीच नव्हतं. बारा वर्षं पुण्यात नोकरी करून मी तंजावूरला परतले होते, इथल्या मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं. फेब्रुवारीचा महिना. मेट्टूरचं धरण बंद झालं की गावातला मोठा कालवा कोरडा पडतो आणि जूनपर्यंत तिथे नुसती वाळू असते. त्या वाळूत धोतर खोचलेले मामा उभे होते आणि लांब काठीने दोर हवेत पुढे-मागे झुलवून वीस-पंचवीस पावलांवरच्या एका पितळी ताटात टाकत होते. शेजारी पाचसहा माणसं हाताची घडी घालून बघत होती. मला वाटलं, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला असावा. चौकशी केली तर तो क्लब निघाला.

फ्लाय फिशिंगचा क्लब, आणि तोही तंजावुरात. गळाला आमिष लावून बसणारे कालव्यावर पुष्कळ असतात, पण हा प्रकार निराळा. इथे गळावर पिसांची आणि रेशमाची नकली माशी बांधायची आणि ती पाण्यावर अशी टाकायची की खरीच माशी उतरली असं माशाला वाटावं. मी सामील झाल्यावर सभासद सहा, दर रविवारी सकाळी साडेसहाला हजेरी. पाणी असेल तेव्हा कालव्यातले केंडै नावाचे मासे, नसेल तेव्हा पितळी ताट, आणि वर्षातून एकदा, मार्चमध्ये, परवाना काढून निलगिरीच्या ओढ्यांवर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. ताटात सलग दहा वेळा माशी पडल्याशिवाय ट्राउटच्या सहलीला नेत नसत. मला त्या दहाला दोन वर्षं लागली.

हा नाद त्यांना निलगिरीतच लागला. बाविसाव्या वर्षी तिथे एका धरणाच्या कामावर ड्राफ्ट्समन म्हणून ते गेले. निघताना आईने जवळ बसवून सांगितलं होतं, "तिथें अस्के मांस-मासे खाणारे. तूं खाणार नाहींस तें मज ठाऊक. पण शिवूंही नको." अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे. यांनी शब्द दिला. पुढे वर्षभरात एका चहामळ्याच्या मॅनेजरने त्यांना ओढ्यावर नेऊन ट्राउट दाखवला आणि हे कामातून गेले. आता शब्द तर दिलेला, आणि मासा तर पाहिजे. दुसऱ्या कुणी दोहोंपैकी एक सोडलं असतं. मामांनी ड्रॉइंग बोर्डावर बसून एक उपाय काढला.

उपाय म्हणजे बांबूची हातभर काडी आणि तिच्या टोकाला पितळी कडी. गळाचं जे उलटं टोक माशाच्या तोंडात रुतून बसतं ते पकडीने आधीच चेपून सपाट करायचं. मासा जवळ आला की कडी दोरावरून सरकवत त्याच्या तोंडापर्यंत न्यायची आणि हलकेच मागे लोटायचं. गळ सुटतो, मासा जातो, हात कोरडा. कधी गळ खोल गेला तर त्यासाठी सेल्वम होता. सेल्वम रिक्षा चालवतो, घरी रोज मासे खातो आणि क्लबाचा सभासद आहे. शिवायचं काम त्याचं. मामांच्या डाव्या हाताला दहा पावलांवर तो नेहमी उभा असायचा. "रायरांना सोवळं आहे, मासा मला चालतो," असं तो नव्या माणसाला गंभीरपणे सांगत असे.

पिसांचंही तसंच. जगभर या माश्या कोंबड्याच्या पिसांनी बांधतात. मामांना कोंबडा चालेना, म्हणून आमच्या क्लबात सगळ्या माश्या मोरपिसाच्या. मोरपीस कृष्णाच्या डोक्यावर असतं, तेव्हा त्याला हरकत नव्हती. अंगाला जुन्या रेशमी साडीचा धागा आणि वर जरीचा एक वेढा. ट्राउटला ही जरीची चमक फार आवडते असं मामांचं मत होतं. माझ्या मते ट्राउट भुकेलेला असेल तर काहीही खातो, पण हे मी त्यांच्यासमोर कधी बोलले नाही.

एकदा बंगळूरहून एक गृहस्थ आमचा क्लब बघायला आले होते. त्यांनी ती कडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आम्हाला वाळूत बसवून अर्धा तास व्याख्यान दिलं. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, माणसाच्या कोरड्या गरम हाताने तो निघून जातो आणि सोडलेला मासा मागाहून मरतो, म्हणून हात न लावणं हीच आता सर्वांत पुढारलेली पद्धत आहे, वगैरे. मामा मान डोलवत होते. गृहस्थ गेल्यावर म्हणाले, "माझ्या आईस अस्के ठाऊक होतें." त्यानंतर बरेच दिवस त्यांची मान ताठ होती.

ताठ मान हा त्यांचा दोष होता, आणि तो मला खटके. शब्द पाळल्याचं ते बोलून दाखवत नसत, पण दाखवत असत. पाण्याबाहेर आल्यावर हात पुसताना दोन्ही पंजे आधी असे समोर धरत की कुणाच्याही लक्षात यावं. माझ्या आईने एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं की खायचं नाही, शिवायचं नाही, मग त्या मुक्या जिवाला छळायचं कशाला. मामा म्हणाले, "मज त्यास पाहावयाचें असतें." आईचं काही समाधान झालं नाही. माझं झालं. एवढं साधं कारण सांगायला धैर्य लागतं असं मला वाटलं आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या ताठ मानेकडे काणाडोळा करू लागले.

ट्राउटबद्दल मात्र त्यांच्याइतकं नेमकं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. आधी दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघायचं. ट्राउटचं तोंड नेहमी प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतं, अन्न तिकडून वाहत येतं म्हणून, तेव्हा आपण खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. ऊन चढून पाणी कोमट झालं की काठी आवरायची, कारण तेव्हा लागलेला मासा दमून मरतो. लागलाच तर लवकर जवळ आणायचा, खेळवत बसायचं नाही. "तुज मजा येते तेव्हां त्याचा श्वास जात असतो," हे त्यांचं वाक्य सहाही जणांना पाठ होतं.

पाठ असून मी चुकले. चौथ्या सहलीत मला आयुष्यातला पहिला ट्राउट लागला. मामा माझ्यापासून वीसेक पावलं खाली, गुडघाभर पाण्यात उभे होते. सेल्वम मामींनी दिलेल्या पुळिसादमचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा आणायला वर गाडीकडे गेला होता. मासा हातभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा, आणि माझी अक्कल गेली. मी त्याला खूप खेळवला. मग फोटो पाहिजे म्हणून गळ सोडवून पाण्याबाहेर काढला, एका हातात मासा, दुसऱ्या हातात फोन. तो निसटला, दगडावर आपटला आणि पाण्यात पडला तो पोट वर करूनच. प्रवाह त्याला घेऊन निघाला, सरळ मामांच्या दिशेने.

मामांनी मासा येताना पाहिला. मग मान वळवून एकदा वर गाडीच्या वाटेकडे पाहिलं. सेल्वमचा पत्ता नव्हता. मासा त्यांच्या पोटरीपाशी आला तेव्हा त्यांनी काठी टाकून दिली, खाली वाकले आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, तोंड प्रवाहाकडे. जन्मात कधी न केलेली गोष्ट ते अशी करत होते की जणू रोज करतात. मी धावत जवळ गेले. पाणी इतकं गार की माझे पाय मिनिटभरात बधिर झाले, आणि मामांचे हात कोपरापर्यंत आत. सेल्वम डबा घेऊन आला, त्याने तो तसाच काठावर टाकला आणि पाण्यात उतरून म्हणाला की मी धरतो. मामांनी मानेनेच नको म्हटलं. पाव तास तरी गेला असेल. आधी कल्ले हलले, मग शेपटी, मग एकदम अंगभर ताकद आली आणि मासा त्यांच्या हातांतून वर, प्रवाहाच्या उलट निघून गेला. मामा तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "उदंड मऊ असतो गे. मज ठाऊक नव्हतें."

त्यांनी हात पुसले नाहीत. डब्यातला भात खाल्ला नाही. परतीच्या प्रवासात आगगाडीत रात्रभर ते खिडकीशी बसून होते आणि मी समोर, तोंड लपवून. माफी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले की चूक तुझी, पण हात माझे, आणि घरी पोचल्यावर मामींना मीच सांगणार. मामी म्हणजे सोवळ्याओवळ्याची खाणच होत्या. त्याच हातांनी सणासुदीला देवाला अभिषेक करणारा हा माणूस आता काय करणार, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

सकाळी आम्ही पोचलो. मामा पायरीवरच थांबले. मामी दारात आल्या. मामांनी जसं घडलं तसं सगळं सांगितलं, माझं नाव वगळून, आणि शेवटी म्हणाले की आईला दिलेला शब्द मोडला, आता तू सांगशील तसं.

मामींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जगला कीं नाहीं?"

"जगला."

"मग आंघोळ करून या. कॉफी काढतें." मामा हलेनात, तेव्हा मामींना उलगडा झाला असावा. त्या म्हणाल्या, "म्हणजे आजवर खरेंच शिवलां नव्हतां? मासे धरणारा माणूस शिवतोच, असें मी लग्न झाल्यापासून धरून चाललें आहें. म्हणून तर आइतवारीं तुम्ही यायच्या आधीं मी देव उरकून घेतें."

एवढ्या थंड पाण्यात न डगमगलेला माणूस ओट्यावर मटकन बसला. मला एकाच वेळी हसू येत होतं आणि त्यांची फार दया येत होती. ज्या शब्दाला त्यांनी पन्नास वर्षं जपलं तो पाळला जातोय असं घरात कुणाला वाटतच नव्हतं, आणि तरीही मामींनी दर रविवारी गरम पाणी काढून ठेवलं होतं, जेवायला वाढलं होतं, एक अक्षर न बोलता. मामा म्हणाले, "तूं मज इतकीं वर्षं खोटा समजलीस?" मामी म्हणाल्या की खोटा कशाला समजू, छंद म्हटला की असं चालायचंच. आणि आत गेल्या. मामा बराच वेळ ओट्यावर बसून होते. शेवटी कॉफी बाहेरच आली.

पुढचे तीन महिने वाळूवर ताटाचा सराव चालला. जूनमध्ये कालव्याला पाणी आलं. पहिल्याच रविवारी मामांना एक केंडै लागला, वीतभरही नसेल. सवयीने सेल्वम पुढे झाला. मामांनी त्याला थांबवलं, दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केले, गळ बोटांनी काढला आणि मासा पाण्यातच ओंजळीत धरला.

त्यानंतर मामा दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत लागलेला प्रत्येक मासा त्यांनी स्वतः सोडला, आणि लगेच सोडण्याचा धडा आयुष्यभर देणारा हा माणूस दर वेळी थोडा जास्तच वेळ धरून ठेवायचा. सेल्वम दुसरीकडे बघत राही. मग मलाच सांगावं लागे, "मामा, पुरे आता, सोडा."

"सोडतों, सोडतों," ते म्हणत, आणि ओंजळ उघडत नसत.