आईच्या छातीचं पत्रक

केडगावात आमच्या घरापासून उसाची दोन शेतं ओलांडली की गुऱ्हाळ लागतं. रस आटवायच्या चुलवाणात नुसतं उसाचं चिपाड जळत असलं की धूर पांढरा निघतो, त्याचा त्रासही फारसा होत नाही. पण चिपाड वाळायला वेळ लागतो. म्हणून तिथं ट्रकनं चपलांचे कातरलेले तुकडे, रबर, प्लास्टिकच्या गोण्या येऊ लागल्या. तेव्हापासून धूर काळा झाला. दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीला बोट लावलं तर बोट चिकट होतं. आईची छाती त्यानंतरच वाजायला लागली.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडील होते तोवर बाजाराच्या दिवशी स्टेशनबाहेर उभे राहून शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. प्रत्येक पत्रकात एक साक्ष असायची: मी असा होतो, माझं असं झालं. आमच्या चर्चमध्येही रविवारी माणसं उभी राहून साक्ष देतात. साक्ष नसेल तर सांगणं पोकळ, असंच मी समजत आले.

गुऱ्हाळवाल्या आप्पांना मी आधी समजावून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा पत्रक काढलं. विषारी धूर फुकट आणि औषध विकत, हा कुठला न्याय, असं त्यात खडसावून विचारलं. आणि मधोमध चौकटीत आईची साक्ष छापली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपणं, हातातला श्वासाचा पंप, बेडक्यातले काळे ठिपके, सगळं. एकही शब्द खोटा नव्हता. आईला मात्र मी विचारलं नाही. ती नको म्हणाली असती.

आप्पा किराणा दुकानात भेटले. हसत म्हणाले, "पोरी, फुकटात जाहिरात केलीस की माझी. आता पार दौंडपातूर गुऱ्हाळ ठावं झालं." मी तिथंच त्यांना बरंच सुनावलं. दुकानातली माणसं बिस्किटाच्या पुड्यांकडं बघत राहिली. मग मी दौंडला तक्रार केली. तिथून तपासणीला साहेब आले, त्या दिवशी चुलवाणात फक्त चिपाड होतं. काळा धूर कुठं आहे, दाखवा, असं त्यांनी मलाच विचारलं.

आईला लांब चालवत नाही, म्हणून दर बुधवारी दुपारी पाच-सहा बाया प्रार्थनेला आमच्याच घरी जमायच्या. प्रार्थना थोडी आणि गप्पा फार. पत्रकानंतरच्या बुधवारी कुणी आलं नाही. बेडका काळा म्हणजे टीबीच असणार, आणि आपल्याबरोबर नातवंडं असतात, असं त्यांचं आपसात ठरलं होतं. मी डॉक्टरांचा कागद घेऊन घरोघर गेले. हा दमा आहे, लागत नाही, हे वाचून दाखवलं. सगळ्यांनी चहा दिला. तसं काही नाही गं, म्हणाल्या. पुढच्या बुधवारी आईनं सतरंजी अंथरली आणि तीन वाजेपर्यंत दाराकडं तोंड करून बसली. मग स्वतःच घडी घातली.

"धुरानं दम नेला, ते देव बघंल," ती म्हणाली. "पण माझा बेडका तू छापलास. आता माणसं बी गेली."

माझ्याकडं उत्तरं होती. खऱ्याची किंमत मोजावीच लागते वगैरे. मी तिच्या हातातली सतरंजी घेऊन आत ठेवली.

गुऱ्हाळ चालू असेपर्यंत आईंना इथून हलवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आई आता शिरूरला माझ्या थोरल्या बहिणीकडं आहे. बहीण सकाळीच कामाला कारेगावला जाते, ती दिवेलागणीलाच परतते. तोवर आई अनोळखी गल्लीतल्या खोलीत एकटी असते. पंप लागत नाही म्हणते.

मी इथंच राहिले, कारण तक्रार सोडून जाणं मला पटत नाही. दौंडच्या कचेरीत खेटे घालते. तिथं विचारतात, त्रास तुम्हा एकट्यांनाच आहे का? आमच्या गल्लीत तीन घरांत तरी खोकला ऐकू येतो. पण मी सहीचा कागद घेऊन दिसले की दार लोटलं जातं. उद्या ही आपलंही छापेल, ही त्यांची भीती मला खोटी म्हणता येत नाही. अर्जावर सही माझी एकटीचीच आहे.

संध्याकाळी मी फोन करते. दम कसा आहे, विचारते. बरा हाय, असं ती म्हणते. मग ती विचारते, बुधवारी कुणी आलं होतं का. मी खरं ते सांगते. त्यावर फोनमध्ये मला फक्त तिचा श्वास ऐकू येत राहतो, अगदी मोकळा.