आडवी जाळी
ऑइल पेंटचा वास आला की मला ती बैठक आठवते. शहरात सायकल चालवणं सोपं व्हावं म्हणून सूचना करणारी आम्हा नागरिकांची एक समिती होती, आणि बैठकीत काय ठरलं ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. टेबलावर पुठ्ठ्याला हिरव्या रंगाच्या तीन छटा ओल्याच लावून ठेवल्या होत्या. रस्त्यावर सायकलींसाठी आखायच्या पट्ट्याला त्यातली कुठली द्यायची, यावर आमचा तासभर वाद चालला होता. गोडदेवहून सायकलने ड्यूटीवर जाणारे एक वॉचमनकाका शेवटी उठले. "साहेब, रंग कुठलाही द्या. पण नाक्यावरच्या गटाराच्या जाळीला फटी उभ्या आहेत, चाक आत जातं. ती तेवढी फिरवून आडवी बसवा." तेवढ्यात चहा आला. मी वहीत लिहिलं, 'जाळी, पुढच्या बैठकीत.' पुढच्या बैठकीला त्यांच्या खुर्चीवर त्यांची बायको येऊन बसली. "त्याच जाळीत चाक अडकून पडले ते. कंबर मोडली, आता उठता येत नाही त्यांना. आज जाळीचं घेणार होतात ना, म्हणून मी आले." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या माझ्या वहीकडे बघत बसल्या. दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या दोन माणसांनी पहारीने जाळी उचलली आणि फिरवून बसवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. आता तिच्यावरून माझी सायकल सहज जाईल, पण तिथे आलो की मी अजून खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो.