खुतब्यातलं नाव

हाफिज करामत अलींना सारं गाव मौलाना म्हणतं आणि दर वेळी त्यांना जरा चोरट्यासारखं वाटतं. मौलाना व्हायचं तर मदरशात वर्षानुवर्षं शिकावं लागतं. करामत अलींनी कुराण तेवढं तोंडपाठ केलं, म्हणून हाफिज झाले, आणि वडील गेल्यावर मशिदीत इमाम म्हणून त्यांच्या जागी उभे राहिले. अकोल्याहून अमरावतीला जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. इथं पाच वेळची नमाज, शुक्रवारचा खुतबा म्हणजे नमाजेआधीचं दोन भागांतलं अरबी प्रवचन, कुणाचा निकाह, कुणाची मयत, आणि मधल्या वेळात पोरांना अलिफ-बे, यात त्यांची एकोणीस वर्षं गेली. माणूस स्वभावानं इतका भिडस्त की भाजीवालीनं कोथिंबीर शिळी दिली तरी तीच छान आहे म्हणून घरी घेऊन यायचा.

बाहेरच्यांना मात्र ते पुढारी वाटत. सणावाराच्या आधी शांतता समितीची बैठक झाली की ठाणेदार त्यांना पहिल्या रांगेत बसवून म्हणायचे, "मौलाना, तुमच्या लोकांना जरा सांगा." करामत अली मान डोलवायचे. मनात म्हणायचे, साहेब, माझे लोक मला मशिदीतला पंखासुद्धा विचारल्याशिवाय लावू देत नाहीत. पगार कमिटीचा, मशिदीच्या अंगणातल्या दोन खोल्या कमिटीच्या, आणि कमिटी म्हणजे तिचे सदर, म्हणजे अध्यक्ष, वाहेद पटेल.

हे वाहेद पटेल बारा वर्षं मशिदीचे सदर होते आणि यंदाच्या निवडणुकीत नगराध्यक्षही झाले. थोडक्यात निसटते निवडून आले, म्हणून जास्तच ताठ झाले. सोमवारी दुपारी ते करामत अलींच्या दारात आले. चहा नको म्हणाले. वाहेद पटेल चहा नको म्हणाले की काम मोठं असतं, हे करामत अलींना ठाऊक होतं.

"मौलाना, येत्या जुम्म्याले दुसऱ्या खुतब्यात माह्यं नाव घ्या. दुवेत, फकत. अल्ला यायले इन्साफ करायची ताकद देवो, एवढंच. मतं मांगा असं मी म्हनून नाही राहिलो. मतं झाली आता."

"नाव? खुतब्यात?" करामत अलींनी विचारलं.

"काहून? तुमचे आजे याच मशिदीत निजामाचं नाव घेत नव्हते काय?"

घेत होते, ही गोष्ट खरी. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे, पण कागदोपत्री मुलूख निजामाचा, म्हणून इथल्या मशिदींतून शुक्रवारी त्याचं नाव घेतलं जाई. खुतब्यात ज्याचं नाव, त्याचं राज्य, हा फार जुना रिवाज. वाहेद पटलांनी तो कुठं वाचला होता देव जाणे. पण निजामानंतर रिकाम्या झालेल्या त्या जागेत गावचा नगराध्यक्ष बसवायचा, ही कल्पना त्यांना स्वतःला अजिबात हास्यास्पद वाटत नव्हती.

"इचार करतो," करामत अली म्हणाले.

"करा ना." पटलांनी अंगणावर नजर फिरवली. "कमिटीतले लोक म्हनतात, हे क्वार्टर पाडून दुकानं काढा. मीच थांबवून ठेवलं आहे. तुमची निखत शिकून राहिली ना अमरावतीले? शिकू द्या. चांगलं आहे."

धमकी अशी मायेनं दिली की पाहणाऱ्याला आशीर्वाद वाटावा.

बायको शमशादनं सगळं आतून ऐकलं होतं. ती बाहेर आली ती थेट मुद्द्यावर. "नाव घेतल्यानं जीभ झिजते काय? निखतचं फार्मसीचं शेवटचं वर्ष आहे. आता घर गेलं त कुठं जाऊन राहू आपण?"

"तसं नाही शमशाद."

"मंग कसं?"

कसं ते करामत अलींना नीट सांगता येईना. पण त्यांना छळत होती ती एक साधी गोष्ट. नमाज पढवताना इमाम चुकला तर मागच्या रांगेतला कुणीही, अगदी हमालसुद्धा, मोठ्यानं 'सुभानअल्ला' म्हणून त्याला टोकू शकतो, आणि इमामाला सुधारावं लागतं. खुतब्याचं तसं नाही. खुतबा चालू असताना कुणी शब्द काढायचा नाही. शेजारी बोलत असला तर त्याला 'गप बस' एवढंही म्हणायचं नाही. म्हणजे त्या दहा मिनिटांत मिंबरवरून, त्या तीन पायऱ्यांवरून, इमाम जे बोलेल ते सगळ्यांनी मान खाली घालून ऐकायचं. वाहेद पटलांना चौकातली सभा नको होती, नमाजेनंतरचे दोन शब्दही नको होते. त्यांना ती दहा मिनिटंच हवी होती. लोक बांधलेले असताना त्यांच्या गळी हे नाव उतरवायचं, म्हणजे अमानत म्हणून, विश्वासानं सोपवलेली ती चुप्पी आपण परस्पर देऊन टाकायची, असं करामत अलींना वाटत होतं. हे शमशादला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं, आणि मग राहायचं कुठं?

बुधवारी ते मुजफ्फर सरांकडे गेले. सर नगर परिषदेच्या उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पंच्याऐंशी उलटलेली, पाठ अजून सरळ. दर शुक्रवारी नमाज झाली की सर करामत अलींना कोपऱ्यात घेऊन खुतब्यातल्या चुका सांगायचे. या शब्दावर जोर चुकला, तिथं श्वास लवकर घेतला. एकोणीस वर्षांत एक शुक्रवार सुटला नव्हता. गावात करामत अली वाहेद पटलांना भीत, पण सरांना जास्त भीत.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"तुमच्या आज्याले मी पायलं आहे. निजामाचं नाव आलं का मानूस आवाज खाली न्यायचा. असा का दुसऱ्या रांगेलेही आयकू येऊ नये. हे मले माह्या वडलानं सांगितलं होतं, मंग मीही ध्यान देऊन आयकलं. तवा मी लहान होतो."

"मंग मी काय करू, सर?"

"मी कावून सांगू? मिंबरवर तुमी उभे राहता." सरांनी चष्मा चढवला. "मी शुक्रवारी आयकीन."

घरी येताना करामत अलींच्या डोक्यात एक पळवाट उघडली होती. आवाज खाली न्यायचा. नाव घेतलं पण आणि नाही पण. पटलांनी विचारलं तर घेतलं, सरांनी विचारलं तर आज्यासारखं. गुरुवारभर त्यांनी खोलीत दार लावून तेवढाच एक तुकडा घोकला, वर सुरू करून नावापाशी विहिरीत उतरल्यासारखा आवाज उतरवत. पोरांना शिकवताना दोनदा धडा चुकला आणि पोरं खुदकन हसली. निखतचा फोन आला, परीक्षेचं वेळापत्रक लागल्याचं सांगत होती, आणि हे नुसतं 'हो, हो' म्हणत राहिले. मुलीनं विचारलं, "अब्बा, तब्येत बरी आहे ना?" बरी आहे म्हणताना त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

शुक्रवारी मशीद भरली. वाहेद पटेल पहिल्या रांगेत, नवा पांढरा कुडता, अत्तराचा भपकारा. सर तिसऱ्या रांगेत खांबाशी. करामत अली मिंबरवर चढणार तोच कमिटीचा एक माणूस लगबगीनं आला आणि त्यांच्या कॉलरला एक लहानसा माइक अडकवून गेला. "सदरसाहेबांकडून मशिदीले भेट आहे. कालच अकोल्याहून आनला."

पहिला खुतबा झाला. ते क्षणभर बसले, पुन्हा उठले. दुसरा सुरू झाला. पैगंबरांवर दरूद-सलाम, चार खलिफांची नावं, सगळ्यांसाठी दुवा. मग ती जागा आली. करामत अलींनी आवाज खाली नेला, आणखी खाली, जवळजवळ ओठांतल्या ओठांत आणला, आणि नाव घेतलं.

माइक चांगल्या कंपनीचा होता. 'वाहेद पटेल' हे दोन शब्द भिंतींवरच्या चारही स्पीकरांतून, अगदी कानाशी लागून बोलावं तसे, स्वच्छ निघाले. अंगणातल्या चटईवर बसलेल्यांनी ऐकले, दाराबाहेरच्या रस्त्यानंही ऐकले. कुणी हललं नाही. हलायची मुभाच नव्हती. करामत अलींनी सरांकडे पाहायचं टाळलं आणि उरलेला खुतबा कसा संपवला ते त्यांना आठवत नाही.

नमाजेनंतर पटलांनी त्यांना मिठी मारली. सर कोपऱ्यात आले नाहीत, चपला घालून निघून गेले. करामत अली संध्याकाळपर्यंत दाराकडे कान लावून बसले. कुणीतरी येईल, शिव्या देईल, निदान विचारेल, मौलाना हे काय केलंत? कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळी माणिकबाई आली. मशिदीच्या फाटकाशी भाजीची पाटी लावते ती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधारची झेरॉक्स आणि अर्ज.

"मौलाना भाऊ, माही बसाची जागा उठवून राहिले म्हन्तात. अध्यक्षायले एक शब्द टाका ना."

"मी? मले कोन विचारते, माणिकबाई?"

"आता काय लपवता! दर शुक्रवारी आयकतो ना मी तुमचं, तिथं बसून. मले त्यातलं एक अक्षर समजत नाही. काल समजलं. पटेलसायबाचं नाव घेतलं तुमी देवाच्या जागी बसून. म्हन्जे तुमचं चालते तिथं."

अर्ज ठेवून ती गेली. दुपारी घरकुलाच्या यादीतून नाव गळालेली एक म्हातारी आली, तीही कागद ठेवून गेली. रस्त्यानं जाताना लोक आधीपेक्षा वाकून सलाम करू लागले, आणि प्रत्येक सलामासरशी करामत अली चालायचा वेग वाढवायचे. नोकरी वाचली होती, घर वाचलं होतं, शमशादनं त्या रात्री गोड केलं होतं. मग ही भीती कसली राहिली आहे, हेच त्यांना कळेना.

रविवारी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर सर आले. करामत अली धडपडत उठले. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. सर आता झाडतील, चार लोकांत झाडतील, मग निदान उद्यापासून नीट झोप तरी लागेल.

"सांगा, सर," ते म्हणाले. "शुक्रवारचं सांगा. काय काय चुकलं?"

सर त्यांच्याकडे पाहत नव्हते. चटईचा एक दोरा सुटला होता, तिकडे पाहत होते.

"काई चुकलं नाही. चांगला झाला खुतबा."

"सर, असं नका करू. मी चुकलो. तुमी बोला."

"मौलाना," सर म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी करामत अलींना मौलाना म्हटलं नव्हतं, कायम नुसतं करामत म्हटलं होतं. त्यांनी कुडत्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. सरळ पाठीचा तो माणूस तो पुढे करताना जरासा वाकला. "नातीचा अर्ज आहे. उर्दू शाळेत कंत्राटी शिक्षिकेची जागा निघाली. पोरगी हुशार आहे, पन वाहेदच्या हातात आहे ना सगळं. तुमी सांगितलं तर होईल."

मागे पोरं अलिफ-बे घोकत होती. सर हात पुढे करून उभेच होते, म्हणून शेवटी करामत अलींनी तो कागद घेतला आणि खिशातल्या दुसऱ्या दोन कागदांसोबत ठेवला.