फळ्यावर राहून गेलेला आकडा

शाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, यजमान जाऊन चार. त्यानंतर माझी प्रार्थना म्हणजे बरीचशी कुरकुरच झाली होती. देव प्रत्येकाला काही उद्देशाने घडवतो, हे मी स्वतः तीस वर्षं संडेस्कूलच्या मुलांना योसेफाची गोष्ट सांगून शिकवलं. पण गुडघे गेले, शिकवायला तरुण मुली आल्या, आणि माझ्याकडे एकच काम उरलं: शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये जाऊन दुसऱ्या दिवशीच्या गीतांचे पुस्तकातले क्रमांक भिंतीवरच्या लाकडी फळ्यात लावायचे. आकड्यांच्या पट्ट्यांचा डबा माझ्याच घरी असे. एवढ्यासाठीच ठेवलंयस का मला, असा टोमणा मी देवाला अनेकदा मारला आहे.

त्या आठवड्यात कमिटीने ठरवलं की नाताळपासून गीतं पडद्यावर दाखवायची. पाळकसाहेब मायेनेच म्हणाले, "बाई, आता तुम्हाला विश्रांती." मला कुठे हवी होती विश्रांती? मी रुसले. शुक्रवारी मंडळीतल्या एका वृद्धांचा अंत्यविधी झाला होता, त्या वेळच्या गीताचा मी लावलेला आकडा फळ्यावर होता. तो बदलायला शनिवारी मी मुद्दामच गेले नाही. रविवारी लवकर जाऊन नवे आकडे लावायचे आणि उपासना संपली की डबा साहेबांच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, असं ठरवलं. पण रविवारी गुडघा धरला, रिक्षा मिळेना, आणि मी पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती.

त्या दिवशी नेमका सुगीचा सण. वेदीपुढे भाताच्या पेंढ्या, ऊस, भोपळे, पिंपळगावहून आलेले टोमॅटोचे क्रेट. आमचे पेटीवाले काका फळ्यावर दिसेल तेच वाजवतात, कुणाला विचारत नाहीत. त्यांनी सूर धरला आणि माती देताना म्हणायचं गीत त्या भोपळ्यांसमोर सुरू झालं. लोक एकमेकांकडे बघू लागले. पण सुरू झालेलं गीत मध्येच तोडायचं नाही, ही आमची जुनी रीत. चारही कडवी झाली. मी खांबामागे मान खाली घालून उभी होते. शरमेने कान तापले होते. आपण आता खरंच निरुपयोगी झालो, याची मला खात्रीच पटली.

उपासनेनंतर मी डबा घेऊन साहेबांकडे निघाले, तर शेवटच्या बाकावरची एक अनोळखी बाई आडवी आली. डोळे सुजलेले, हातात नागलीची पिशवी.

"सलाम, मावशी. ते पयलं गाणं कुणी सांगितलं व्हतं?"

मी चुकून राहिल्याचं कबूल केलं, माफीही मागितली. ती मान हलवत राहिली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची होती ती, तिथे विश्वासणाऱ्यांचं, म्हणजे ख्रिस्ती, घर एवढं एकच. महिन्यापूर्वी तिची आई गेली.

"माती देताना मी एकटीच हेच म्हणत व्हते. दोन कडवी झाली, पुढचं आठवंना. लोकांनी माती लोटली. आईचं गाणं अर्धंच राह्यलं, हेच मनात खात व्हतं. आज पुरं झालं, मावशी."

मी तिचा हात धरला आणि दोघी रडलो. मग ती म्हणाली, "लिवून द्या ना. मोठं अक्षर काढा, माझ्या पोरींनाबी वाचता यावं." मी तिथेच बाकावर बसले आणि शाळेच्या फळ्यावर काढायचे तसं ठसठशीत अक्षर काढून चारही कडवी लिहून दिली.

ही देवाची योजना की माझी चूक, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. चूक तर माझीच होती, आणि तीही रुसव्यातून झालेली. पण भावांनीच खड्ड्यात टाकलेल्या योसेफालाही आपण कशासाठी जगतो आहोत हे तिथून दिसलं नसेल, हे मुलांना शिकवताना माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. उद्देश म्हणजे आपल्या नावाचं एखादं मोठं काम, असं धरून मी वर्षानुवर्षं हिशेब मागत बसले. तो हिशेब ज्याच्या हाती आहे त्याच्याच हाती राहू द्यावा, आपण आपल्या वाटचं करावं, हे मला फार उशिरा उमगलं. देवाचे आभार, की माझ्या रुसव्यालाही त्याने कामाला लावलं.

नाताळला पडदा लागेल, लागू दे. डबा मी साहेबांना दिलाच नाही; पुढच्या शनिवारी तो घेऊन वेळेवर गेले. फळ्यावरचा तो आकडा काढण्याआधी मात्र त्या गीताची शेवटची दोन कडवी त्या आईसाठी म्हटली.