हो बाई!

नातीला बालवाडीतून आणायला गेले होते. पत्र्याखालच्या एका खोलीत प्लायवूड उभं करून दोन वर्ग केलेले. पलीकडे पाढे, वर पंख्याची खडखड. मी पुढे बाईंजवळच उभी होते. त्या घसा ताणून म्हणाल्या, “मागच्या दारानं जाऊ नका, तिथं विजेची तार लोंबतेय.”

“हो बाई!” सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

मी मागे जाऊन शेवटच्या रांगेतल्या नातीला विचारलं, “काय म्हणाल्या गं बाई?”

ती हसली. “ऐकू नाही आलं. पण हो म्हणायचं असतं.”

ऐकण्याआधीच होकार शिकलेली ही मुलं उद्या कशाकशाला हो म्हणतील! तेवढ्यात सुट्टी झाली. मी धावत जाऊन मागच्या दारात आडवी उभी राहिले.

“थांबा रे!”

“हो आजी,” म्हणत सगळी मुलं माझ्याकडे धावतच राहिली.